ज्वारीच्या दाण्याएवढी खूण

माझ्या बेंबीच्या खाली, डाव्या अंगाला, ज्वारीच्या दाण्याएवढी एक फिकट खूण आहे. मुद्दाम शोधली तरच दिसते. अंघोळ करताना अजूनही माझं बोट तिच्यावर जातं. आहे ना जागेवर, एवढंच बघायला. माझा स्वभावच काळजीचा. दाराला कडी लावून चार पावलं गेले की मागं येऊन कडी हलवून बघणारी मी. पण त्या खुणेवर बोट पडलं की काळजी वाटत नाही, उलट मान जराशी ताठ होते. त्या जागी वीतभर चीर असायची होती. ती का झाली नाही, हे लिहायला बसले आहे.

माझं माहेर महाबळेश्वराच्या मागं, डोंगर उतरून कोयनेच्या अंगाला. पंधरा-वीस घरं. पावसाळा लागायच्या आत भिंतींना गवताच्या ताट्या बांधायच्या, नाहीतर भिंत विरघळून जायची, असला पाऊस. शाळा गावात चौथीपर्यंत. पुढं ओढा ओलांडून जावं लागायचं. सहावीत असताना आई अंथरुणाला खिळली आणि माझं दप्तर खुंटीला लागलं ते कायमचंच. वाचायला येत होतं, लिहायला येत होतं, तेवढ्यावर राहिलं. बहात्तरचा दुष्काळ होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा लग्न होऊन सांगलीकडं आले, कुपवाडला.

सासरची माणसं मूळची शिराळ्याकडची. मामंजी, म्हणजे माझे सासरे, फौजेतून हवालदार होऊन पेन्शनवर आलेले. आमचे हे कुपवाडच्या एका कारखान्यात लेथवर. तेव्हा कुपवाडला कारखाने म्हणजे इथं एक पत्र्याची शेड, तिथं एक, मधे बाभळी. सकाळी सायकलींची रांग लागायची. मला मात्र एकाच गोष्टीनं चुकल्यासारखं वाटायचं: इकडं डोंगरच नव्हता. पहिले सहा महिने मी सकाळी उठून दारात उभी राहायची आणि नजर कुठं टेकवावी तेच समजायचं नाही. माहेराला जायचं तर सांगलीहून सातारा, साताऱ्याहून दुसरी एसटी, मग उतार उतरत दोन-अडीच तास पायी. कोण जाणार आणि कोण येणार?

गल्लीत मी "डोंगरातली" होते. बोलले की बायका हसायच्या. मग मी बोलणंच कमी केलं.

वर्षभरात पाळी थांबली आणि पोट वर यायला लागलं. सगळं एकदम बदललं. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, मला नळावर जाऊ देईनात. शेजारची काकी लोणच्याची फोड आणून देई. तिसरा महिना धरून आत्याबाईंनी माझी चोरओटी भरली. चोरओटी गाजावाजा न करता भरायची असते, घरातल्या घरात, चार सवाष्णी बोलावून. हिरवा खण, नारळ, तांदूळ, खारीक. मी पाटावर बसले. काकी माझ्याकडं बघून म्हणाली,

"आवं, तिसरा म्हयना म्हंतासा, आन प्वाट तर पाचव्याचं दिसतंय की!"

"जुळी असत्याली," दुसरी म्हणाली.

"नजर लावू नगा गं," आत्याबाई म्हणाल्या. "डोंगरातली पोर हाय. हाडापेरानं दणकट."

त्यांनी "डोंगरातली" हा शब्द पहिल्यांदाच कौतुकानं म्हटला होता. मी पदर पसरला, नारळ मांडीवर घेतला आणि मला रडू आलं. बायकांना वाटलं, आईची आठवण आली. तसं नव्हतं. इकडं आल्यापासून मला कुणी एवढं जवळ केलेलं नव्हतं.

म्हणूनच मी चूक केली. मला रोज संध्याकाळी बारीक ताप यायचा, ते मी कुणाला सांगितलं नाही. जेवण जात नव्हतं, ते भाकरीचा तुकडा पदराआड धरून मांजराला घालून लपवलं. पोट वाढत होतं आणि हात वाळत होते. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या तेव्हा मी लांब बाह्यांचं पोलकं घालायला सुरुवात केली. आत काही हलत नव्हतं. कुशीवर वळलं की पोटातलं सगळं एका बाजूला जायचं, पाण्यानं भरलेली पखाल वळवावी तसं. मला मनातून कळत होतं की हे काही बरं नाही. पण सांगितलं की हा लाड जाईल, ही भीती त्याहून मोठी होती.

शेवटी एका सकाळी चुलीपुढं भोवळ येऊन पडले. आत्याबाई मला घेऊन सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंकडं गेल्या. बाईंनी पोट चाचपलं, लाकडी नळी लावून पुष्कळ वेळ ऐकलं, मग कुशीवर वळवून पुन्हा बोटांनी वाजवून पाहिलं.

"बाळ नाही. पोटात पाणी झालंय," त्या म्हणाल्या.

"पानी म्हंजी बाळाचंच पानी असंल की," आत्याबाई म्हणाल्या.

"बाळच नाही, मावशी."

सोनोग्राफी वगैरे तेव्हा कुठं होती? बाईंच्या बोटांवर विश्वास ठेवायचा. परतताना आत्याबाई माझ्या दोन पावलं पुढं चालत होत्या. बाभळीपाशी थांबल्या.

"आता नळावर कंच्या तोंडानं जाऊ मी? चार सवाष्णी बोलावल्या..." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझा हात धरला, बाही वर सारली. कोपरापर्यंत सरकलेल्या बांगड्या बघितल्या. मग वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "पोरी, ताप येतुया त्ये मला का सांगितलं न्हाईस?"

मी बाही खाली ओढली.

पुढच्या आठवड्यात मला एका मोठ्या दवाखान्यात भरती केलं. दवाखान्याचं नाव घालत नाही. तिथली सगळी माणसं माझ्या देव्हाऱ्यातली आहेत, एवढं म्हणते. छातीचा फोटो काढला, तो स्वच्छ निघाला. मग मोठे सर्जन आले. उंच, पांढरे केस, हात अगदी मऊ. त्यांनी मामंजींना सांगितलं, "पोटाचा क्षय असू शकतो. गाठ असू शकते. आणखीही काही असू शकतं. बाहेरून कळत नाही. पोट उघडून बघावं लागेल."

मी दोन्ही हात पोटावर घट्ट धरले. का धरले ते सांगायला हवं.

माझी एक मावशी होती. मी लहान असताना तिचं असंच पोट उघडलेलं होतं, नुसतं बघायला. आत काय निघालं ते कुणी आम्हाला नीट सांगितलं नाही. टाके भरून आले, पण त्या जागी पोट फुगून बाहेर यायला लागलं. तिला मोळी उचलता येईना, हंडा उचलता येईना. तिच्या माहेरी कुणी उरलं नव्हतं, म्हणून सासरच्यांनी तिला थोडे दिवस म्हणून आमच्या घरी आणून सोडलं. ते थोडे दिवस संपलेच नाहीत. मी शाळेतून यायची तेव्हा ती ओसरीवर बसलेली असायची, पोटावर फडकं बांधून, तांदूळ निवडत.

आणि त्याच दुपारी वॉर्डाबाहेरून आत्याबाईंचा आवाज माझ्या कानावर आला. त्या मामंजींना विचारत होत्या, "प्वाट फाडल्यावर पुढं मूलबाळ हुतंय का? वझं उचलाया येतंय का?"

"डाक्टरला न्हाई सांगता येत म्हनं."

"मग तवर म्हायेरी धाडू का? थोडं दीस?"

थोडे दिवस! मी भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. मला मरणाची तितकी भीती नव्हती. मला ओसरीची भीती होती.

त्या वॉर्डात एक तरुण डॉक्टर होता. शस्त्रक्रियेचा नव्हे, औषधांचा. किडकिडीत, खिशावर शाईचा डाग. तो सर्जनना म्हणाला, "सर, मला थोडे दिवस द्या. न उघडता काही कळतंय का बघतो." सर्जन हसले. "बघा. पण पोर वाळत चाललीय, फार रेंगाळू नका."

डॉक्टरनं माझ्या हातावर कातडीच्या आत एक बारीक टोचणी दिली. क्षयाचा संबंध आला असेल तर तिथं टणक गांधी उठते, म्हणाला. "तीन दिवस याला काही लावायचं नाही. चोळायचं नाही."

दुसऱ्या दिवशी जागा लालबुंद होऊन वर आली. मी डोळा लावून पडले होते. आत्याबाई उशाशी होत्या, पानाची चंची कमरेला. माझा हात त्यांनी पाहिला आणि त्यांच्या जिवाला राहवलं नाही. वॉर्डातल्या कुणाकडून हळद मागून आणली, चंचीतला चुना घेतला, तळहातावर मळला आणि सगळ्या गांधीवर जाड लेप घालून टाकला. हळदीत चुना मिसळला की कुंकवासारखा लाल रंग होतो. तिसऱ्या दिवशी डॉक्टर पट्टी घेऊन आला आणि हात बघून उडालाच.

"एवढी लाल? मनगटापर्यंत?"

"लेप हाय त्यो," आत्याबाई म्हणाल्या. "गांधी उठली हुती. म्या उतरवत हुते."

"मावशी! अहो, ती उठावी म्हणूनच मी टोचलं होतं!"

"म्हंजी? आजार उठवाया दवाखान्यात आनलंय व्हय तिला?"

शेजारच्या खाटेवरची बाई तोंडात पदर कोंबून हसायला लागली. सिस्टरनं हात धुतला, साबण लावला, स्पिरिट लावलं. रंग काही जाईना. डॉक्टर जरा वेळ कपाळाला हात लावून उभा राहिला. मग खाटेच्या कडेवर टेकला, चक्क डोळे मिटले आणि एका बोटानं माझा हात चाचपायला लागला, हळूहळू, कडेकडेनं.

"लालीला इथं किंमतच नसते," डोळे मिटूनच तो म्हणाला. "आतला टणकपणा मोजायचा." जिथं बोट अडलं तिथं पेनानं रेघ, पलीकडं अडलं तिथं दुसरी रेघ. मधलं अंतर पट्टीनं मोजलं. "भरपूर आहे! पण मावशी, हा नुसता साक्षीदार. पुरावा नव्हे. धडधाकट माणसांचाही हात असा उठतो आपल्याकडं."

मग त्यानं पोटातून सुईनं पाणी काढलं. गव्हाच्या काडाच्या रंगाचं, निवळ. मला वाटलं होतं काळंबेरं काही निघेल. ते तपासायला गेलं. शनिवारी तो आणि सर्जन माझ्या खाटेशी उभे होते. पाण्यातल्या पेशी क्षयाच्या बाजूनं बोलत होत्या, पण जंतू दिसला नव्हता. पाण्यातून जंतू वाढवून बघायचा तर सहा-आठ आठवडे.

"तेवढी थांबेल ही?" सर्जननी माझं मनगट दोन बोटांत धरून दाखवलं. "आणि क्षय नसून गाठ असली तर? परवाची यादी भरलीय. पुढच्या सोमवारी घेऊ. तोपर्यंतचे दिवस तुमचे."

ते गेल्यावर डॉक्टरनं एक स्टीलची लांबट पेटी आणली. माझ्याशी तो पहिल्यांदाच नीट बोलला. म्हणाला, "पोटाला आतून एक अस्तर असतं. पोलक्याला असतं तसं. दुखणं तिथंच असणार. त्या अस्तराचा कणभर तुकडा मिळाला, की काचेखाली धरून सांगता येतं. उघडायची गरज नाही. पोटात पाणी आहे ते या कामाला बरंच. आतडी पाण्यावर तरंगून लांब सरकतात, सुई त्यांना लागत नाही."

त्यानं पेटी उघडली आणि त्याचं तोंड उतरलं. आत एक जाड सुई होती. खरं तर नळी, आणि नळीत सरकणारी दांडी. दांडीच्या टोकाला बारीक आकडा. आकडा अस्तराला अडकवायचा आणि नळीच्या कडेनं तेवढा कण कापून घ्यायचा. त्याच्या गुरुजींनी त्याला दिलेली, परदेशातली. पण वापरून वापरून कड बोथट झालेली. नवी मुंबईहून मागवायची तर महिना.

आमचे हे दाराशी टोपी हातात धरून उभे होते. लग्न झाल्यापासून मी त्यांना कुठल्या मोठ्या माणसाशी आपणहून बोलताना पाहिलं नव्हतं. ते पुढं आले.

"बगू का जरा?"

डॉक्टरनं काय वाटून सुई त्यांच्या हातात दिली कोण जाणे. ह्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली, फिरवली, नळीच्या तोंडावरून अंगठ्याचं नख फिरवलं, दांडी आतबाहेर केली.

"कड गेलीया. आन दांडी एका अंगाला सैल हाय. म्हणून त्ये कापत नसंल, वडत असंल."

"बरोबर," डॉक्टर म्हणाला. "तुम्ही काय करता?"

"लेथवर हाय. कुपवाडला."

"करता येईल?"

"उद्या सुट्टी हाय आमाला. सावकाशीनं बसतो."

डॉक्टर घुटमळला. "हे बघा, हे यंत्रात बसवायचं नाही. माणसाच्या पोटात जायचंय."

"म्हनूनच म्हनतो," हे म्हणाले, "दुसऱ्या कुनाच्या हातात नगा देऊ."

रविवारी कारखाना बंद होता. मालकानं किल्ली दिली. ह्यांनी यंत्र सुरूच केलं नाही. पायरीवर उजेडाला बसून, तेल लावलेल्या बारीक दगडावर ती कड घासत राहिले. थोडं घासायचं, पुसायचं, भिंगातून बघायचं, पुन्हा घासायचं. सकाळी बसले ते ऊन कलेपर्यंत. मग सैल दांडीही नीट बसती केली. सोमवारी सकाळी पेटी घेऊन आले तेव्हा दुसऱ्या हातात रुमालात बांधलेला एक टोमॅटो होता. त्यांनी तो डॉक्टरपुढं ठेवला. टोमॅटोला टाचणीच्या डोक्याएवढं भोक, बाकी साल कुठं फाटलेली नाही, रस गळालेला नाही. आणि कागदाच्या घडीत त्या भोकातली सालीची टिकली, गोल, कड स्वच्छ.

"सा टमाटी वाया गेली," हे म्हणाले. "ही सातवी."

डॉक्टरनं ती टिकली चिमट्यात धरून कितीतरी वेळ बघितली. मग त्यानं दुसरा टोमॅटो मागवला आणि स्वतः सुई चालवून पाहिली. तिसऱ्या खेपेला टिकली स्वच्छ निघाली आणि त्याचा चेहरा उजळला, तो मला अजून दिसतो.

राहिली मामंजींची सही. ते पटकन मानणारे नव्हते. त्यांच्या लेखी सर्जन म्हणजे वरचा अफसर, आणि वरच्यानं सांगितलं की हुकूम. "बडा डाक्टर म्हंतोय खोला, ह्यो छोटा म्हंतोय सुई. आमी कुनाचं ऐकायचं?"

डॉक्टरनं त्यांना खुर्ची दिली, सगळं पुन्हा सांगितलं. आधी सुई आत जाईल, तिथं काय आहे ते बघून येईल. कळलं तर उत्तम. नाहीच कळलं तर सर्जन आहेतच.

मामंजी ऐकता ऐकता पुढं झुकले. "म्हंजी रेकी!"

"काय म्हणालात?"

"रेकी ओ. हल्ल्याच्या आदी दोन-चार जवान फुडं धाडत्यात. दुस्मन कुटं हाय, किती हाय, बगून यायला. लगेच आख्खी पल्टन घुसवत न्हाईत."

"अगदी तेच!"

"मग आसं पयल्यांदाच सांगायचं की, सायेब! अर्धा घंटा कशापायी घालवला?" आणि त्यांनी फौजेत शिकलेली इंग्रजी अक्षरं एकेक सुटी काढून सही केली.

मंगळवारी सकाळी मला टेबलावर घेतलं. बेंबीखाली डाव्या बाजूला बधिर करायचं इंजेक्शन दिलं, ते तेवढं झोंबलं. मग नुसता दाब. डॉक्टर म्हणाला, "श्वास धरा." आत कुणीतरी दोन बोटांच्या चिमटीत अस्तर धरून हलकेच ओढल्यासारखं झालं. असं तीनदा. सिस्टरनं छोटी बाटली माझ्यासमोर धरली. पाण्यात तीन कण तरंगत होते, नखाच्या कातरणाएवढे, पांढरट. एवढ्यासाठी एवढं सगळं! वर एक छोटी पट्टी चिकटवली आणि मला खाटेवर आणलं.

हे बाहेर उभे होते. जवळ आले, इकडंतिकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "दुखलं?"

"न्हाई."

"आत शिरताना अडली का कुठं?"

"मला काय म्हाईत!" मी म्हटलं. "तुमी आत असता तर तुमाला कळलं असतं." कितीतरी दिवसांनी आम्ही दोघं हसलो.

पुढचे चार दिवस मात्र हसू आलं नाही. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर एक फळा होता. त्यावर सोमवारची यादी खडूनं लिहायला घेतली होती. मला वाचता येत होतं, हेच वाईट. तिसऱ्या ओळीत माझ्या खाटेचा आकडा. मी उगीच पाणी प्यायचं निमित्त करून जायची आणि तो आकडा आहे का बघायची. दिवसातून पाच-सहा वेळा. आत्याबाईंनी एकदा पाहिलं. संध्याकाळी माझे केस विंचरताना म्हणाल्या, "त्या दिवशी बाहीर म्या बोललेलं ऐकलंस व्हय तू?"

मी मान डोलावली.

"बाईमानसाच्या तोंडातनं भ्यालं की कायबी निघतंय," त्या म्हणाल्या, आणि वेणी इतकी घट्ट घातली की डोळ्यांत पाणी आलं.

शनिवारी अकराच्या सुमाराला डॉक्टर वऱ्हांड्यातून आला. पळत नव्हता, पण चपला फटफट वाजत होत्या. हातात कागद.

"क्षय आहे! क्षयच आहे! अस्तरावर दाणे आहेत, काचेखाली स्पष्ट दिसलेत. औषधानं बरा होतो. उघडायचं नाही!"

मी मोठ्यानं हसले. आत्याबाईंनी खाटेच्या पायाला हात लावून नमस्कार केला. क्षय झालाय म्हणून एवढी आनंदलेली माणसं त्या वॉर्डानं तोपर्यंत पाहिली नसतील. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं तर विचारलंच, "पोरगं झालं का काय?"

थोड्या वेळानं सर्जन आले, मागं शिकणारी मुलं. त्यांनी कागद वाचला. मग सगळ्यांना घेऊन फळ्याशी गेले आणि आपल्या हातानं तो तिसऱ्या ओळीतला आकडा पुसला. मुलांना म्हणाले, "हिला मी उघडणार होतो. उघडून मला हेच दिसलं असतं, आणि टाके घालून मी बाहेर आलो असतो. लक्षात ठेवा." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आणि तुझ्या नवऱ्याला सांग, माझ्याही दोन-तीन कात्र्या बोथट झाल्यात." त्या कात्र्या खरोखर आल्या. पुढं कितीतरी वर्षं कुपवाडच्या त्या पायरीवर दवाखान्याची हत्यारं धारेला येत राहिली.

औषध दीड वर्ष चाललं. आधी रोज कमरेत इंजेक्शन, मग गोळ्या; एकेक एवढी मोठी की घशातून उतरताना तिची वाट कळावी. आत्याबाई समोर बसून गिळायला लावायच्या आणि "आ कर" म्हणून तोंडात बघायच्या. दुधात कच्चं अंडं फेटून द्यायच्या. पोट ओसरलं, ताप गेला, बांगड्या कोपरावरून मनगटावर उतरल्या. एक दिवस आत्याबाईंनी ओटीतला हिरवा खण काढून माझ्यापुढं टाकला. "शीव." मी शिवला, आणि चार महिन्यांत पोलकं दंडात उसवलं, इतकी मी भरले. तेच घालून नळावर गेले. एक बाई मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "चोरओटी तर भरली हुती. मग पोर गेलं कुटं?"

मी खाली बघितलं. आत्याबाईंनी हंडा खाली ठेवला.

"हिचीच भरली हुती न्हवं ओटी? मग हीच माघारी आली. दिसत न्हाई का तुला, केवढी झालीया?"

पाचेक वर्षांनी खरंच दिवस गेले. तेव्हा शेजारच्या काकीनं चोरओटीचं काढलं तर आत्याबाई म्हणाल्या, "आदी डाक्टरचा कागद, मग नारळ." मुलगी झाली.

पण मला ज्या दिवसाचं लिहायचं आहे तो त्याच्या आधीचा. औषध संपल्यावर आत्याबाई स्वतः मला माहेरी घेऊन गेल्या. जाताना मी विचारलं, "किती दिवस?" त्या म्हणाल्या, "चार. माजं गुडघं दुखत्यात, जास्त ऱ्हानार न्हाई मी." म्हणजे त्याही राहणार होत्या आणि मला घेऊनच परतणार होत्या.

मावशी ओसरीवर होती. तांदूळ निवडत. मी तिच्याजवळ बसले. आत्याबाईंना धीर कुठला! त्यांनी माझा पदर बाजूला केला आणि बोट ठेवून दाखवलं, "ही बगा. एवढीच सुई लावली. माझ्या ल्योकानं धार लावलेली."

मावशीनं सूप खाली ठेवलं. आपलं बोट त्या खुणेवर ठेवलं आणि ठेवूनच राहिली.

"एवढीच?" ती म्हणाली.

"एवढीच."

अंगणात जळणाची मोळी पडली होती, भाऊ सकाळीच रानातून घेऊन आला होता. मावशीनं तिच्याकडं हनुवटी केली. "उचल बगू."

मी चुंबळ केली, खाली वाकले आणि मोळी डोक्यावर घेतली. कुणाचा हात लागला नाही. अंगणातून मागच्या चढावरच्या पडवीत जळण लावायची जागा होती, तिथपर्यंत चढून गेले आणि टाकली. वळून बघितलं तर आत्याबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, आणि मावशी ओसरीवरून टाळ्या वाजवत होती.

"आजून एक हाय बग तकडं!" ती ओरडली.

मी दुसरीही आणली.